सोन्याचा पाळणा हलवतो कोण?

जालन्याची म्हण साऱ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. 'जालना, सोन्याचा पाळणा.' निजामाच्या काळापासून ही मोठी व्यापारी पेठ. कापूस, सरकी, धान्य यांची इथे उलाढाल होत आली. पुढे १९६४ साली इथे बियाण्यांचा उद्योग उभा राहिला आणि जालन्याचे बी देशभर गेले. मग पोलादाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल आल्या. जालन्याच्या सळईवर दूरदूरच्या शहरांत इमारती चढल्या. मोसंबीच्या बागांचे नावही झाले. पाळणा सोन्याचा आहे, याबद्दल आमचा वाद नाही.

आमचा प्रश्न एवढाच आहे की या पाळण्यात झोपतो कोण आणि दोरी ओढतो कोण?

योगायोग असा की जालना जिल्हा स्वतंत्र झाला तो १ मे १९८१ रोजी. १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिनही. जिल्ह्याचा जन्मच कष्टकऱ्यांच्या दिवशी झाला. पण सोन्याच्या म्हणीत त्या कष्टकऱ्याला जागा नाही. ती जागा त्याला कुठे मिळाली असेल तर ती त्याच्या गाण्यात. म्हणून या अंकात आम्ही गाण्यांविषयी बोलणार आहोत. राबणारे आणि राबवून घेणारे यांच्यातली दरी आपल्या गाण्यांनी कशी मोजली, आणि आज ती मोजायची आपण विसरत तर नाही ना, हा आमचा विषय आहे.

जात्यावरचा हिशेब

घनसावंगी तालुक्यातल्या एका खेड्यात आम्ही गेलो होतो. वंदना झाल्यावर विहाराच्या ओट्यावर एक वयोवृद्ध आजी बसल्या होत्या. त्यांना आम्ही जात्यावरच्या ओव्या विचारल्या. आजी आधी लाजल्या, मग हसल्या.

"कशाच्या ओव्या बाबा? जातं का सोनं दळायला व्हतं? मजुरीची जवारी, ती बी किडकी. पहाटं उठून दळायची, मंग रानात पळायचं."

आम्ही विचारले, "आजी, वाड्यावरचं दळण करत होता का?"

आजींनी आमच्याकडे असे पाहिले की आमचे शहरी अज्ञान आम्हालाच कळले. त्या म्हणाल्या, "त्यायची जवारी आमी पेरली, आमी काढली, खळ्यात आमीच मळली. तवर आमचा हात चालत व्हता. त्याच जवारीचं पीठ आमच्या हाताचं चालत नव्हतं."

वाचकहो, वर्ग आणि जात यांचे नाते समजावून सांगायला पंडितांना जाडजूड ग्रंथ लागतात. आजींनी ते दोन वाक्यांत सांगितले. कष्ट चालतात, कष्टाळू माणूस चालत नाही.

जात्यावर बाई एकटी असायची. मालक, सासरा, नवरा कोणी ऐकायला नसायचे. म्हणून ती मनातले बोलायची. जरीचे लुगडे कोणाचे आणि ठिगळाचे कोणाचे, तूप कोणाच्या ताटात आणि कण्या कोणाच्या, हा हिशेब ती दगडाच्या घरघरीत मांडायची. आणि १४ ऑक्टोबर १९५६ नंतर तिच्या ओवीतली नावे बदलली. पहिली ओवी बुद्धाला, दुसरी भीमाला, तिसरी रमाईला गेली. नशिबाला बोल लावणारी बाई आता घटनेचे, शाळेचे, मुलाच्या पुस्तकाचे गाणे गाऊ लागली.

हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गोदावरीच्या पलीकडे, आपल्या शेजारच्या माजलगावातील आपल्या माय-भगिनींनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्या संग्रहात आहेत. पण आपल्या जिल्ह्यातल्या किती आज्या आपले गाणे कोणाला न सांगताच गेल्या असतील, याचा विचार मनात आला की जीव हळहळतो.

दोन शत्रू

गाणे सभेत आले ते जलशांतून. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यातून सत्यशोधक जलसे निघाले, आणि त्याच वाटेने पुढे आंबेडकरी जलसे आले. नाशिक जिल्ह्याचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती ढोलकी घेऊन गावोगाव फिरले. तमाशातले गण-गवळण बाजूला सारून त्यांनी पाणवठा, वेठबिगारी, सावकार आणि शिक्षण हे विषय फडावर आणले. शाहिराचे एक गाणे आपल्या दहा भाषणांच्या तोडीचे आहे, असे बाबासाहेब म्हणत, असे जुनी माणसे सांगतात.

बाबासाहेब केवळ जातीविरुद्ध बोलले, पोटाविषयी बोलले नाहीत, असा गैरसमज आजही काही लोक पसरवतात. आपल्या जालन्याहून रेल्वेत बसले की छत्रपती संभाजीनगरच्या पुढे मनमाड लागते. त्या मनमाडला १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी रेल्वेतील दलित कामगारांची परिषद झाली. तेथे बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याआधी १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाचा हक्क मोडू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत मोठा संप झाला, त्यातही ते पुढे होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते पाहत होते. आठवड्याला ४८ तासांच्या कामाची मर्यादा घालणारी कारखाना कायद्याची दुरुस्ती त्याच काळातली.

पण कामगार म्हटले की सगळे एक, असे ते भाबडेपणाने म्हणाले नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. तुटलेला धागा तोंडाने ओढून लावावा लागे आणि तोंड लागले की इतर कामगारांना विटाळ होई. विणकामाचा पगार जास्त. म्हणजे मालक कामगाराला लुटत होता, आणि कामगारच कामगाराला जास्त पगाराच्या खात्याबाहेर ठेवत होता. जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांची वाटणी आहे, हे बाबासाहेबांचे म्हणणे याच अनुभवातून आलेले आहे. आपले गाणे इतरांच्या कामगारगीतापेक्षा वेगळे आहे ते यामुळेच. त्यात मालकही आहे आणि विटाळ मानणारा सोबतीही आहे.

अण्णाभाऊंची मुंबई

मुंबईवर पठ्ठे बापूरावांनी लावणी लिहिली. त्यात मुंबईचा झगमगाट आहे. पुढे अण्णाभाऊ साठे यांनीही 'मुंबईची लावणी' लिहिली. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात जन्मलेला, मांगवाड्यात वाढलेला हा माणूस बापाबरोबर पायी मुंबईला आला. त्याने गिरणीत काम केले, झोपडपट्टीत दिवस काढले. त्याला दिसलेल्या मुंबईत एका अंगाला मलबार हिलचे महाल आहेत, दुसऱ्या अंगाला परळच्या चाळी आणि उघड्यावर झोपणारी माणसे आहेत. शहर तेच आहे, फक्त पाहणारे डोळे बदलले की लावणीही बदलते. गाण्यातला वर्गभेद म्हणजे काय, असे कोणी विचारले तर या दोन लावण्या शेजारी ठेवून वाचाव्यात.

१९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊ साम्यवादी होते, हे खरे. पण त्यांनी 'फकिरा' ही कादंबरी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली, हेही खरे. १९५८ साली मुंबईत दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना त्यांनी शेषनागाची जुनी कथा बाजूला सारली. पृथ्वीचा भार दलित आणि कष्टकरी यांच्या तळहातावर आहे, असे त्यांनी सांगितले.

त्यांची 'माझी मैना' ही छक्कड आजही लोकांच्या ओठांवर आहे. पोटासाठी मुंबईला गेलेल्या कामगाराच्या मनात गावी राहिलेली बायको आहे, आणि संयुक्त महाराष्ट्राची तळमळही आहे. आमच्या जिल्ह्यात मात्र गोष्ट याहून पुढे गेली आहे. दिवाळी झाली की मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती नवरा-बायको दोघांच्या जोडीवर मिळते आणि त्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. दोन जिवंत माणसांना मिळून एका हत्याराचे नाव! म्हणजे अण्णाभाऊंची मैना निदान गावी तरी राहत होती. आमची मैना फडात मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन गाडीत भरते, रात्री खोपीत येऊन चूल पेटवते. गावी राहतात ते म्हातारे आईबाप आणि शाळेची पोरे. त्यांच्या विरहाची छक्कड अजून कोणी लिहिलेली नाही.

वामनदादांचा रोखठोक सवाल

वामनदादा कर्डक यांच्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे त्यांचा जन्म झाला. शाळा नाही, अक्षर ओळख नाही. मुंबईला शिवडीला आले, पडेल ते काम केले. एकदा कोणी तरी पत्र वाचायला हातात दिले आणि ते वाचता आले नाही. त्या शरमेतून त्यांनी मोठेपणी मुळाक्षरे गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचायला शिकले. अशा माणसाने पुढे हजारो गाणी लिहिली. १५ मे २००४ रोजी ते गेले, पण मराठवाड्यात असा बौद्धवाडा सापडणार नाही जिथे त्यांचे गाणे वाजले नाही.

त्यांचे एक गाणे आपणा सर्वांना पाठ आहे. त्यात देशातल्या बड्या उद्योगपतींची नावे घेऊन, साठवलेल्या धनात आमचा हिस्सा कोणता, असा सवाल केला आहे. या गाण्यात शाहीर भीक मागत नाही. 'द्या' असे म्हणत नाही. आमचे आहे ते कुठे ठेवले, असे विचारतो. हिशेब मागणारा आणि भीक मागणारा यांच्यात जेवढे अंतर आहे, तेवढेच अंतर बाबासाहेबांच्या आधीच्या आणि नंतरच्या आपल्या समाजात आहे.

जगात इतरत्रही असे शाहीर झाले. अमेरिकेत जो हिल नावाचा स्थलांतरित मजूर कामगारांसाठी गाणी रचत असे, त्याला १९१५ साली मृत्युदंड झाला. आपल्याकडे रेल्वेच्या कारखान्यात काम करणारे शैलेंद्र सिनेमाचे मोठे गीतकार झाले, पण संपावरच्या कामगारांसाठी त्यांनी दिलेली घोषणा आजही मोर्चात ऐकू येते. तरी वामनदादांचे वेगळेपण आहे. त्यांनी आपल्या माणसांनाही सोडले नाही. बाबासाहेबांचे नाव ओठावर आणि वागणूक उलटी, अशा पुढाऱ्यांना त्यांनी भर सभेत, त्यांच्या तोंडावर सुनावले.

गाण्याची किंमत

हे गाणे फुकट मिळालेले नाही. बीड जिल्ह्यातील भाटवडगावचे शाहीर आत्माराम साळवे यांनी नामांतराच्या लढ्यात आपले गाणे झोकून दिले. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. जळणारी घरे कोणाची होती? शेतमजुरांची, सालगड्यांची. राग केवळ नावाचा नव्हता. कालपर्यंत वाड्यावर राबणाऱ्याचे पोरगे कॉलेजात जाते, मजुरी वाढवून मागते, गायरान कसते, हेही सलत होते. साळवे १९९१ साली गेले. १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार त्यांना पाहता आला नाही.

मुंबईचे शाहीर विलास घोगरे झोपडपट्टीत राहिले आणि झोपडपट्टीचेच गाणे गायले. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या चित्रपटात त्यांचे गाणे आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, घोगरे यांनी आपले जीवन संपवले. हे लिहिताना हात थरथरतो. आमच्या शाहिरांनी जगायला हवे होते. समाजाने त्यांना जगवायला हवे होते.

दुसऱ्या बाजूची गाणी

कष्टकऱ्यांची गाणी आहेत तशी सुखवस्तूंचीही आहेत. सिनेमातील कित्येक गाणी सांगतात की पैशात सुख नाही, खरे प्रेम झोपडीतच असते, गरीब तोच मनाचा राजा. ऐकायला गोड वाटते. पण असे गाणे लिहिणारा, गाणारा, विकणारा कोणी झोपडीत राहायला गेल्याचे आम्ही पाहिले नाही. जुन्या काळी गेल्या जन्मीच्या पापाची गोष्ट सांगून आपल्याला गप्प बसवत. ही गाणी तेच काम गोड चालीत करतात. मुलांबरोबर गाणे ऐकताना आई-वडिलांनी एवढे जरूर विचारावे की या गाण्यात श्रीमंत कोण, गरीब कोण, आणि गाणे कोणाच्या बाजूचे?

आपल्यातली दरी

आता थोडे कडू बोलतो. १४ एप्रिलला जालना शहरात आणि तालुक्यांत मोठा उत्साह असतो. आम्हालाही आनंद होतो. पण मिरवणुकीतील नव्या गाण्यांकडे आम्ही कान देऊन ऐकले. कितीतरी गाण्यांत गाड्या, सोन्याची साखळी, दरारा, रुबाब. मजुरी नाही, गायरान नाही, कोयता नाही.

सोन्याचे नाव घेतले म्हणून आमची तक्रार नाही. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात यांचा आवाज मोबाइलवरून घराघरात गेला. बाबासाहेबांनी आम्हाला काय दिले, हे ती माउली भाकरीच्या आणि ओटीच्या भाषेत सांगते तेव्हा डोळे भरून येतात, कारण त्यामागे पोटाचा अनुभव आहे. ते कृतज्ञतेचे सोने आहे. दुसरे सोने मिरवण्याचे असते. ते ज्याच्या गळ्यात नाही त्याला खाली मान घालायला लावते.

आज आपल्यातही दोन वस्त्या झाल्या आहेत. शिकून नोकरीला लागलेले आपले काही बांधव शहरात बंगल्यात राहतात. त्यांचे आम्हाला कौतुक आहे, ते कष्टाने वर आले. पण गावच्या भीमनगरात अजून पत्र्याची घरे आहेत आणि भट्टीपुढे, मोंढ्यात, फडात राबणारी माणसे आहेत. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी आपली व्यथा बोलून दाखवली होती. ती व्यथा आपल्यापैकी कोणासाठी होती, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

एका ऊसतोड कुटुंबातल्या मुलीने आम्हाला सांगितले, "शाळेच्या कार्यक्रमात आईचं गाणं म्हणायची मला लाज वाटते. त्यात कोयता येतो, खोपी येते. पोरी हसतात." या मुलीचा यात काहीच दोष नाही. आईचे कष्ट लाजेचे वाटावेत, असे वातावरण आपण होऊ दिले, हा दोष आपला. ज्या दिवशी कष्टकऱ्याच्या लेकराला आईच्या गाण्याची लाज वाटते, त्या दिवशी वाड्याने दुसऱ्यांदा बाजी मारलेली असते.

एक वही करा

म्हणून आमची विनंती अगदी साधी आहे. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. रविवारी वंदना झाली की शाळेतल्या मुलामुलींनी एका आजी-आजोबांजवळ बसावे आणि त्यांचे गाणे लिहून घ्यावे. नुसते गाणे नको. ते कोणत्या कामावर म्हणत, काम कोणाचे होते, मजुरी काय मिळे, हेही लिहावे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडताना काय गायले, दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात कोण गेले, हेही विचारावे. मोबाइलवर आवाजही भरून घ्यावा. जयंतीच्या खर्चातून दोन-चार हजार बाजूला काढले तरी गावातल्या कलापथकाला ढोलकी आणि पेटी घेता येईल. मिरवणुकीत तासभर तरी वामनदादा आणि अण्णाभाऊ वाजू द्यावेत, आणि त्यांचा अर्थ कोणी तरी माइकवर सांगावा.

त्या आजींचा निरोप घेताना आम्ही विचारले, "आजी, तुमच्या लेकरांना पाळण्यात घालून ओवी म्हणत होता का?"

आजी म्हणाल्या, "पाळणा कुठला बाबा? जुन्या लुगड्याची झोळी. बांधाच्या बाभळीला बांधायची आन् कापूस येचायचा. झोळी हलंना झाली की लेकरू रडायचं. मंग तिकडून मोठी पोरगी पळत यायची."

ती मोठी पोरगी शाळेत गेली नाही. तिची नात आज जालन्याच्या कॉलेजात शिकते आहे. ही बाबासाहेबांची पुण्याई आणि त्या झोळीचीही. सोन्याचा पाळणा ज्यांचा असेल त्यांना लखलाभ असो. आपल्या नातीने लुगड्याच्या झोळीचे गाणे वहीत उतरवावे, मोठ्या आवाजात म्हणावे आणि वामनदादांसारखा आपला हिस्सा मागावा, एवढीच आमची इच्छा.

जय भीम!